सोल्डर संपतं तिथे वायर तुटते

फेब्रुवारीतल्या एका दुपारी देवगडच्या सड्यावर, म्हणजे समुद्रकाठच्या कातळाच्या पठारावर, कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाचं रेडिओवर चालणारं ग्लायडरचं मॉडेल कड्याच्या वर छान तरंगत होतं. समुद्रावरून येणारा खारा वारा कड्याला आदळून वर चढतो आणि त्या चढत्या वाऱ्यावर मोटर नसलेलं मॉडेलसुद्धा तासभर हवेत राहतं. अचानक ग्लायडरने नाक खाली घातलं. मुलाने हातातल्या ट्रान्समीटरची, म्हणजे रेडिओ रिमोटची, स्टिक पूर्ण मागे ओढली, फरक पडला नाही. मग आपोआप ते सरळ झालं, वर उठलं, आणि पुन्हा खाली गेलं. तिसऱ्या खेपेला सावरलंच नाही आणि कड्याखालच्या करवंदीच्या जाळीत जाऊन पडलं.

"काका, बॅटरी फुल होती. फेलसेफ लावला होता. रेंज चेकही सकाळीच केला होता. मग असं कसं झालं?"

तो ट्रान्समीटर त्या संध्याकाळी माझ्या पडवीतल्या टेबलावर आला. दोष सापडायला दहा मिनिटं लागली. एलिव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीच्या, स्टिककडे जाणारी एक वायर सोल्डरच्या अगदी कडेला तुटली होती. रबराच्या आवरणामुळे ती वरून अखंड दिसत होती आणि तुटलेली दोन टोकं आत कधी टेकत होती, कधी सुटत होती. हा दोष आपल्या किनाऱ्यावर मी इतक्यांदा पाहिला आहे की तो नीट समजावून सांगावासा वाटतो. हा छंद असलेल्या प्रत्येकाने निदान वर्षातून एकदा ट्रान्समीटरची पाठ उघडायला हवी.

आधी त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. फेलसेफ म्हणजे संपर्क तुटला तर मॉडेलला आधी ठरवून दिलेल्या स्थितीत नेणारी सोय. ती कधी जागी होते? मॉडेलमधल्या रिसीव्हरला ट्रान्समीटरकडून येणारा संदेश मिळेनासा झाला की. इथे संदेश व्यवस्थित मिळत होता. रेडिओचा दुवा शाबूत, बॅटरी शाबूत, अँटेना शाबूत. फक्त संदेशातला आकडा चुकीचा होता. स्टिकची वायर तुटली हे ट्रान्समीटरला कळत नाही. त्याला जे वाचायला मिळतं ते तो इमानाने पाठवतो, आणि रिसीव्हर ते इमानाने पाळतो. बहुतेक सेटवर कुठेही अलार्म वाजत नाही. म्हणून या दोषाची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. तो वापरताना शोधता येत नाही, आधी टेबलावरच शोधावा लागतो.

आता स्टिकच्या हालचालीचा आकडा कसा होतो ते पाहू. स्टिकच्या सांध्याला, म्हणजे गिंबलला, प्रत्येक दिशेसाठी एक छोटा पोटेन्शिओमीटर जोडलेला असतो. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायची खुंटी आठवा, तीच वस्तू. त्याला तीन पाय असतात. एका बाजूच्या पायाला व्होल्टेज मिळतं, समजा 3.3 व्होल्ट. दुसऱ्या बाजूचा पाय शून्याला, म्हणजे ग्राउंडला जोडलेला. मधला पाय या दोन टोकांमधल्या कार्बनच्या पट्टीवरून सरकतो आणि जिथे उभा असेल तिथलं व्होल्टेज सांगतो. मधोमध असेल तर साधारण 1.65 व्होल्ट. बोर्डावरची चिप हे व्होल्टेज मोजते, त्याचा आकडा करते आणि हवेत पाठवते. पलीकडे रिसीव्हर त्या आकड्याचा पल्स बनवून सर्वोला, म्हणजे पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरला देतो. 1500 मायक्रोसेकंदांचा पल्स आला की सर्वो मध्यावर, 1000 च्या आसपास आला की एका टोकाला, 2000 च्या आसपास आला की दुसऱ्या टोकाला.

दोन स्टिक, प्रत्येकीच्या दोन दिशा, म्हणजे चार पोटेन्शिओमीटर आणि बारा वायरी. यातली कुठली वायर तुटली यावर लक्षण ठरतं, आणि हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी तपासणी झाल्यासारखीच आहे. व्होल्टेज आणणारी वायर तुटली तर मधला पाय पट्टीमार्गे फक्त शून्याला जोडलेला राहतो. म्हणून आकडा तळाला जाऊन बसतो, स्टिक कुठेही असो. ग्राउंडची वायर तुटली तर उलट, आकडा वरच्या टोकाला चिकटतो. आणि मधल्या पायाची वायर तुटली तर चिपच्या त्या पिनला कशाचाच आधार उरत नाही. मग आकडा भरकटतो, सर्वो थरथरतो, शेजारच्या चॅनलची स्टिक हलवली तरी हा हलल्यासारखा दिसू शकतो. त्या मुलाचं ग्लायडर प्रत्येक वेळी पूर्णच खाली जात होतं, थरथरत नव्हतं. त्यामुळे पाठ उघडण्याआधीच मला वाटलं होतं की मधली वायर ठीक असेल, दोष दोन टोकांपैकी एकाचा. तसंच निघालं.

काही नव्या ट्रान्समीटरमध्ये पोटेन्शिओमीटरच्या जागी हॉल सेन्सर असतात. तिथे पट्टी झिजत नाही, कारण चुंबक आणि सेन्सर एकमेकांना शिवतच नाहीत. पण वायरी त्याही सेन्सरला लागतात आणि सोल्डरही लागतं. हॉल गिंबल आहे म्हणून आत बघायची गरज नाही, असं समजू नका.

वायर तिथेच का तुटते? आपण वापरतो ती वायर अनेक बारीक तारांच्या पिळाची असते, म्हणून ती मऊ असते. टोकाला सोल्डर लावताना वितळलेलं सोल्डर या तारांच्या फटींतून वर चढतं, वातीत तेल चढावं तसं. जितकं चढलं तितका भाग एकसंध आणि ताठ होतो. त्याच्यापुढे वायर पुन्हा मऊ. म्हणजे ताठ आणि मऊ यांची एक सीमारेषा तयार होते, आणि स्टिक हलली की वायरीचा सगळा वाक नेमका त्या रेषेवर पडतो. काही गिंबलमध्ये एक सेन्सर हलत्या चौकटीवरच बसवलेला असतो. त्याच्या वायरी प्रत्येक हालचालीला वाकतात. स्टिकच्या टोकाला बटण असेल तर पोकळ दांडीतून जाणाऱ्या वायरींचे हाल त्याहून जास्त. हातात तार घेऊन तेच ते ठिकाण पुढेमागे वाकवत राहिलं की तांबं आधी कडक होतं आणि मग तुटतं. इथे तेच घडतं, फार सावकाश, एकेक तार करून.

आपल्याकडे यात मिठाची भर पडते. ग्लायडरला उचलून धरणारा जो खारा वारा, तोच ट्रान्समीटरच्या फटींतून मीठ आत नेतो. बंदरावर ट्रॉलरच्या वायरिंगची कामं करण्यात आयुष्य गेलेल्या एका आजोबांना मी एकदा विचारलं होतं, की मीठ आत जाऊच नये म्हणून काय करावं. ते म्हणाले, "मीठ काय थांबता? ता आत जातलाच. तू बघीत रव." अक्षरशः खरं आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या बरीच वर असते, आणि एरवीही पहाटे ती तिथवर सहज पोचते. म्हणजे एकदा आत बसलेलं मीठ रोज ओलं होत राहतं. हा खारट ओलावा आवरणाच्या टोकातून आत शिरतो आणि तारांच्या फटींतून पुढे सरकतो. तांब्यावरचा चकाकीचा थर जातो, आधी काळपटपणा येतो, मग हिरवा चुरा. वाकून कमजोर झालेली तार अशी खारटली की लवकर हात टेकते.

आता पाठ उघडू. बॅटरी काढल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका. लिथियमचा पॅक असेल तर उघड्या वायरीवर पडलेला स्क्रू ठिणगी पाडू शकतो. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका कागदावर ट्रान्समीटरच्या पाठीचं चित्र काढून ज्याचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर पुढून प्लॅस्टिक फुटतं. पाठ सरळ ओढू नका, पुस्तक उघडावं तशी एका बाजूने अलगद उघडा, कारण मागच्या भागाला बॅटरीच्या आणि कधी अँटेनाच्या वायरी जोडलेल्या असतात. मी पाहिलेल्या तुटलेल्या वायरींपैकी काही तर पाठ घाईत उघडतानाच तुटल्या होत्या. उघडल्यावर लगेच मोबाइलवर चार फोटो काढा. कुठली वायर कुठल्या खालून जाते हे नंतर आठवत नाही.

पहिली तपासणी डोळ्यांची. चांगला उजेड आणि भिंग घ्या. प्रत्येक सोल्डरची कड पाहा: आवरण मागे सरकलंय का, एखादी सुटी तार काट्यासारखी बाहेर आलीय का, हिरवट डाग आहे का. चौकटीच्या कडेवर घासून आवरण चपटं झालंय का, स्क्रूच्या खांबाखाली एखादी वायर चेपली गेलीय का, तेही पाहा.

दुसरी तपासणी हिराची. नारळाच्या झावळीचा सुका हीर आपल्याकडे कुठल्याही अंगणात मिळतो. तो वीज वाहत नाही, लवचीक असतो, आणि टोक बारीक असतं. यापेक्षा चांगलं हत्यार मला दुकानात मिळालेलं नाही. बॅटरी परत जोडा, पण अँटेनाही जोडलेली आहे याची खात्री करूनच. अँटेनाशिवाय ट्रान्समीटर चालू केला तर प्रक्षेपणाचा भाग जळू शकतो. जवळ मोटर असलेलं मॉडेल असेल तर त्याची बॅटरी काढून ठेवा. आता स्क्रीनवर चॅनल मॉनिटरचं, म्हणजे प्रत्येक चॅनलचा आकडा दाखवणारं पान उघडा. ट्रान्समीटरवर चालणाऱ्या एजटीएक्ससारख्या प्रणालीत हार्डवेअरच्या पानात प्रत्येक स्टिकचा कच्चा आकडाही दिसतो, तो असेल तर अधिक चांगलं. स्टिकला हात न लावता हिराच्या टोकाने एकेक वायर सोल्डरच्या जवळ हलकेच डावीकडे, उजवीकडे, वर, खाली ढकला. नजर स्क्रीनवर ठेवा. बारापैकी कुठल्याही वायरीला शिवल्यावर आकडा उडी मारत असेल तर दोष सापडला. कच्चा आकडा जर स्टिक पूर्ण ढकलूनही कधी येत नाही इतका टोकाला गेला, तर वायर तुटली यात शंकाच नको.

मल्टीमीटरबद्दल इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्याच्यावर लोक गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवतात. वायरीच्या दोन टोकांना प्रोब लावले, बीप वाजली, म्हणजे वायर चांगली, असं आपण धरतो. पण बीप वाजायला एक तार शिल्लक असली तरी पुरते. सात तारांपैकी सहा तुटलेल्या असतील तरी मीटर तसाच आनंदाने वाजेल. ओहममध्ये मोजूनही भागत नाही. 28 गेजच्या वायरीचा रोध मीटरमागे साधारण 0.2 ओहम असतो. ट्रान्समीटरमधली वायर वीतभरही नसते, म्हणजे रोध 0.05 ओहमहूनही कमी. त्यात एक मिलिमीटर जागेत काही तारा कमी झाल्याने पडणारा फरक साध्या मीटरला दिसणं शक्य नाही. मीटर पूर्ण तुटलेली वायर दाखवतो. तुटायला आलेली वायर डोळा आणि हीरच दाखवतात. मीटर लावायचाच तर वायर वाकवत वाकवत लावा आणि बीप मध्येच खंडित होते का ते ऐका.

दोष वायरीचा की झिजलेल्या पट्टीचा, हा गोंधळ नेहमी होतो. ओळखायला सोपं आहे. स्टिक एका ठरावीक जागी आली की दर वेळी तिथेच आकडा थरथरत असेल तर पट्टी झिजली आहे किंवा तिथे घाण बसली आहे. स्टिक कुठेही असताना, केसवर टिचकी मारल्यावर किंवा ट्रान्समीटर तिरका केल्यावर आकडा उडत असेल तर वायर पाहा.

दुरुस्ती. नुसतं तुटलेलं टोक पुन्हा त्याच जागी चिकटवणं ही दुरुस्ती नव्हे. वायर थोडी कापा, आवरण दोन-तीन मिलिमीटर सोला आणि तांबं पाहा. तांबूस चकचकीत असेल तर तिथून पुढे काम करता येईल. काळं असेल तर आणखी कापा. दोन सेंटिमीटर कापूनही काळंच दिसत असेल तर पूर्ण वायर बदला. काळवंडलेल्या तांब्यावर सोल्डर नीट बसत नाही, वरून बसल्यासारखं दिसतं आणि महिन्याभरात सुटतं. मी तर तीनपैकी एक गेली असेल तर तिन्ही बदलतो. तिघींचं वय एकच असतं आणि तिघी वाकल्याही तेवढ्याच असतात.

नवी वायर सिलिकॉनच्या आवरणाची घ्या. तिच्यात अतिशय बारीक तारा जास्त संख्येने असतात, म्हणून ती दोऱ्यासारखी मऊ असते, आणि सोल्डरिंगच्या उष्णतेने आवरण वितळत नाही. एका वेळी एकच वायर काढा आणि बसवा, म्हणजे अदलाबदल होणार नाही. दोन टोकांची अदलाबदल झाली तर स्टिक उलटी चालेल, आणि मधला पाय चुकला तर पट्टी जळू शकते.

सोल्डर 60/40 किंवा 63/37 चं, बारीक, आत राळ भरलेलं. फ्लक्स लागला तर राळेचाच, दुकानात रोझिन म्हणून मागा. भांड्यांना कल्हई करताना नवसागर वापरतात, पत्र्याच्या कामातही आम्ल असलेला फ्लक्स चालतो. इथे ते चुकूनही नको. त्यातलं क्लोराइड मागे राहतं आणि समुद्राने जे दोन वर्षांत केलं असतं ते दोन महिन्यांत करतं. सोल्डरिंगची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) 25 वॅटची पुरे, तापमान लावता येत असेल तर 350 अंश सेल्सिअसच्या आसपास. वायरीच्या टोकाला आधी पातळसा सोल्डरचा थर द्या. हे करताना आवरणाच्या अगदी पुढे वायर चिमट्यात धरा. धातूचा चिमटा उष्णता ओढून घेतो आणि सोल्डर आवरणाखाली चढत नाही. ताठ-मऊची ती सीमारेषा कुठे पडणार हे या एका कृतीने ठरतं, म्हणून इथे घाई करू नका. मग पोटेन्शिओमीटरच्या पायावर इस्त्री दोन-तीन सेकंद टेकवा, सोल्डर वितळलं की वायर ठेवा, इस्त्री काढा, आणि सोल्डर गोठेपर्यंत हात हलवू नका. नाही जमलं तर लगेच पुन्हा तापवू नका; पाय निवू द्या. आतली पट्टी प्लॅस्टिकच्या तुकड्यावर बसलेली असते, जास्त उष्णतेने ती सैल होते. खिडकी उघडी ठेवा, आणि या सोल्डरमध्ये शिसं असतं, त्यामुळे काम झाल्यावर हात साबणाने धुऊन मगच चहाला हात लावा.

सोल्डर झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने जागा स्वच्छ करा. वायर बसवण्याआधी तिच्यावर हीट श्रिंकची, म्हणजे तापवल्यावर आवळली जाणारी नळी ओवलेली असायला हवी. ती आता सांध्यावर सरकवा. नळी सांध्याच्या पुढे आठ-दहा मिलिमीटर यायला हवी. नळीचं काम फक्त वीज झाकण्याचं नाही. ती वायरीला थोडा आधार देते आणि जो वाक एका रेषेवर पडत होता तो सेंटिमीटरभर लांबीवर वाटला जातो. वायरीला थोडी ढील ठेवून मोठं वळण द्या, स्टिक चारी कोपऱ्यांत नेऊन पाहा की वायर कुठे ताणत नाही, कुठे अडकत नाही, आणि मग हलणाऱ्या भागापासून लांब, स्थिर चौकटीला दोऱ्याने बांधा. काहीजण सिलिकॉन सीलंटचा थेंब लावतात. कल्पना चांगली आहे, पण सीलंट हुंगून पाहा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं आणि ते तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलंच घ्या.

अँटेनाबद्दल थोडक्यात. 2.4 गिगाहर्ट्झच्या सेटमध्ये दुमडणाऱ्या अँटेनाच्या बिजागरीतून एक अतिशय बारीक कोअॅक्स केबल जाते आणि ती बिजागरीतच पिळली जाते. लक्षण वेगळं: सगळे चॅनल ठीक, पण रेंज कमी, आणि अँटेना विशिष्ट कोनात फिरवली की जास्तच कमी. इथे मात्र फेलसेफ जागा होतो. ही केबल मध्ये जोडायच्या भानगडीत पडू नका. या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. अँटेनाचं उघडं टोक तिच्या चौथ्या हिश्श्याइतकं, म्हणजे सुमारे 31 मिलिमीटर असतं, आणि तिथे मिलिमीटरांचा हिशेब असतो. पूर्ण अँटेना बदला. तिचं टिकलीएवढं कनेक्टर सरळ वर उचलून काढा, सरळ दाबून बसवा. ते वारंवार काढघाल करण्यासाठी बनवलेलं नाही.

बॅटरीच्या वायरींकडे, विशेषतः काळ्या, ऋण वायरीकडे पाहा. साधे सेल गळले की त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड स्प्रिंगवरून या वायरीत शिरतं. पांढरा चुरा दिसला तर व्हिनेगरचा किंवा लिंबाचा थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन पुसा, मग अल्कोहोलने, मग पूर्ण वाळवा. सेल भरलेले असूनही ट्रान्समीटर बॅटरी कमी दाखवत असेल तर ट्रान्समीटर चालू ठेवून सेलच्या टोकांवर आणि बोर्डावर असं दोन ठिकाणी व्होल्टेज मोजा. दोन्हींत ठळक फरक असेल तर तो या वायरीत, स्प्रिंगमध्ये, नाहीतर बटणात हरवतो आहे.

त्या मुलाच्या ट्रान्समीटरच्या एलिव्हेटरच्या तीन वायरी बदलल्या, शेजारच्या दोन वायरींवर हिरवट डाग होते म्हणून त्याही. पाठ लावायच्या आधी स्टिकचं कॅलिब्रेशन पुन्हा केलं. हे विसरू नका; वायर बदलताना गिंबलला धक्का लागतो आणि मध्य थोडा सरकतो. मग स्क्रीनकडे बघत प्रत्येक स्टिक सावकाश टोकापासून टोकापर्यंत नेली, आकडा कुठेही न अडखळता चढला-उतरला. हीर पुन्हा बाराही वायरींवरून फिरवला. अर्धा तास ट्रान्समीटर तसाच चालू ठेवला, अधूनमधून केसवर टिचक्या मारत. दुसऱ्या दिवशी सड्यावर कमी शक्तीच्या मोडमध्ये रेंज चेक केला, पुस्तिकेत दिलेल्या अंतरावरून, अँटेना तीन वेगवेगळ्या कोनांत धरून. पहिलं उड्डाण फोमच्या जुन्या मॉडेलवर, कड्यापासून आत, गवतावर. करवंदीत पडलेल्या ग्लायडरचा पंख तोवर चिकटवून झाला होता, पण ते त्याने आठवडाभर बाहेर काढलं नाही, आणि मला ते पटलं.

पावसाळ्यात मी ट्रान्समीटर वापरत नाही. मे संपत आला की सेल काढतो, बाहेरून किंचित ओल्या फडक्याने मीठ पुसतो, कोरड्या फडक्याने पुन्हा पुसतो, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवतो. रंग बदलणारी सिलिका जेल घेतो. रंग पालटला की ती तव्यावर मंद आचेवर कोरडी करून परत आत. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुसून पूजेला मांडतो तेव्हा डबा उघडतो. ट्रान्समीटरवरही फूल ठेवतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणातल्या झावळीचा एक नवा हीर तासून घेतो आणि पाठीचा पहिला स्क्रू सैल करतो.